औषधाचा नेम

(सुवर्णमहोत्सवानिमित्त निरवांगी येथे दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



श्रावकाच्या आचारात चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. धार्मिक संस्थांच्या हातून आहारदान आणि शास्त्रदान वर्षानुवर्षे मनोभावे घडत असते. आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने औषधदानही होते. परंतु रुग्णाच्या हाती औषधाची पुडी ठेवली म्हणजे औषधदान पूर्ण झाले, असे मात्र नव्हे. ते औषध कसे घ्यावे, याचे ज्ञानही त्यासोबत द्यावे लागते, आणि ते कोणापासूनही न लपविता घेता यावे, असे अभयही द्यावे लागते. या तिन्ही दानांची एकाच वेळी निकड ज्या आजारात भासते, तो म्हणजे अपस्मार. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा विषय निवडण्यामागे हेच प्रयोजन आहे.

अपस्माराला कोणी फेफरे म्हणतात, कोणी मिरगी, कोणी आकडी. आजच्या बोलण्यात ‘फिट येणे’ हाच शब्द रूढ आहे. चरकसंहितेत या व्याधीचे वर्णन आले आहे. स्मृती हरपणे, हा या नावामागील अर्थ. मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्संकेतांनी बोलतात. काही क्षण हे संकेत बेशिस्तपणे, एकाच वेळी उसळतात आणि झटका येतो. कोणाचे सर्वांग ताठरते, कोणाचा केवळ हात थरथरतो, एखादे मूल वर्गात काही सेकंद शून्यात पाहत राहते. ही बाधा नव्हे, वेड नव्हे, आणि स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान होऊन योग्य औषध मिळाले, तर त्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. मुंबईतील पारशी समाजाची घरोघर पाहणी करून डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून थोड्या अधिक लोकांच्या त्या पाहणीत दर हजारी ४.७ व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झालेला आढळला. पारशी समाज सुशिक्षित, संख्येने लहान आणि आपापसांत घट्ट बांधलेला. त्याने आपला आजार मोजू दिला, त्यात कमीपणा मानला नाही. हजार माणसांच्या कोणत्याही समाजात चार-पाच घरी हा आजार असू शकतो, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

गोळी नेमके काय करते ?

अपस्माराची बहुतेक औषधे आजार मुळापासून उपटून काढत नाहीत. मेंदूतील संकेतांना ती बांध घालतात. बांध शाबूत आहे तोवर झटका येत नाही, आणि नेमके येथेच अनेकांची फसगत होते. सहा महिने झटका आला नाही की रुग्णाला वाटते, ‘आता बरे वाटते, गोळी कशाला ?’ वस्तुतः गोळी चालू आहे, म्हणूनच त्याला बरे वाटत असते.

नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडील गावांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आवर्तन वेळेवर आले तर ऊस तग धरतो. आवर्तन लांबले की पीक करपते. आणि दोन पाळ्यांचे पाणी एकदम सोडले, म्हणून गेलेली पाळी भरून निघत नाही, उलट बांध फुटतो. रक्तातील औषधाचे तसेच आहे. त्याची पातळी एका मर्यादेच्या खाली गेली की झटक्याला वाट मिळते. ती फार वर चढली की तोल जातो, डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसतात, सुस्ती येते. औषध परिणामकारक आणि सुरक्षित ठेवणे म्हणजे ही पातळी दोन काठांच्या मध्ये राखणे.

शरीर प्रत्येक औषध वेगळ्या वेगाने बाहेर टाकते. लेव्हेटिरासिटामची रक्तातील पातळी सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते. फेनिटॉइनला साधारण एक दिवस लागतो, तर फेनोबार्बिटोनला काही दिवस. म्हणून एखादे औषध दिवसातून एकदा, तर दुसरे दोनदा घ्यावे लागते. याच कारणाने सुरू केलेल्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे जावे लागतात. चार दिवसांत ‘गुण येत नाही’ म्हणून डॉक्टर बदलणे म्हणूनच योग्य नव्हे.

शंभर वर्षांची शिदोरी

फेनोबार्बिटोनचा अपस्मारावरील उपयोग जर्मनीतील डॉ. हाउप्टमन यांनी १९१२ साली दाखवून दिला. फेनिटॉइनचा गुण अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ साली सिद्ध केला. सोडियम व्हॅल्प्रोएटची कथा तर योगायोगाची आहे. फ्रान्समधील प्रयोगशाळेत व्हॅल्प्रोइक आम्ल इतर औषधे विरघळविण्यासाठी केवळ द्रावक म्हणून वापरले जात होते. त्यात विरघळविलेले प्रत्येक औषध झटके थांबवू लागले, तेव्हा १९६० नंतरच्या त्या वर्षांत संशोधकांच्या लक्षात आले की, गुण औषधांचा नसून द्रावकाचा आहे. त्यानंतर कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम अशी औषधे येत गेली.

महागडे आणि नवे तेच चांगले, ही समजूत मात्र खरी नाही. कर्नाटकातील येळंदूर या ग्रामीण तालुक्यात डॉ. के. एस. मणी यांनी केवळ फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन ही दोन जुनी, स्वस्त औषधे देऊन वर्षानुवर्षे रुग्णांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांचे झटके आटोक्यात आले. ज्यांनी औषध नेमाने घेतले, त्यांना गुणही अधिक आला. औषधाच्या किमतीपेक्षा औषधाचा नेम मोठा, असे या अभ्यासाचे सार सांगता येईल.

व्रत, उपवास आणि गोळीची वेळ

जैन घरात हा नेम पाळताना एक निराळी अडचण उभी राहते. ती बाहेरच्या डॉक्टरांना चटकन लक्षात येत नाही आणि रुग्ण ती संकोचाने सांगत नाही. अंथऊ झाल्यावर, सूर्यास्तानंतर ज्या घरात पाण्याचाही त्याग असतो, त्या घरातील रुग्णाला डॉक्टर ‘रात्री झोपताना एक गोळी’ असे लिहून देतात. मग कोणी ती गोळी पाण्यावाचून कोरडीच गिळतो. ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण होऊ शकतो. कोणी ती सकाळच्या गोळीसोबत एकदम घेतो. कोणी मुकाट्याने सोडूनच देतो. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात उपवास, पहाटेचे उठणे, रात्रीचे जागरण आणि चुकलेली गोळी अशी सारी कारणे एकत्र येतात. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी, ही झटका येण्याची दोन सर्वपरिचित कारणे होत. पर्वाच्या दिवसांत मंदिरातच एखाद्याला झटका आला, तर त्याचा दोष तपाला द्यायचा नसतो आणि दैवालाही नाही. तो दोष न जुळवलेल्या वेळापत्रकाचा असतो.

हे वेळापत्रक जुळविता येते. दिवसातून दोनदा घ्यावयाच्या गोळ्यांमध्ये साधारण बारा तासांचे अंतर अपेक्षित असते. पर्युषण आणि दशलक्षणाच्या सुमारास या भागात दिवस बारा ते साडेबारा तासांचा असतो. सूर्योदयानंतर लगेच एक आणि सूर्यास्तापूर्वी एक, अशा गोळ्या घेतल्या तर नियमही राहतो आणि अंतरही राहते. हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर येतो, तेव्हा तेवढा फरक त्या औषधाला चालेल की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. ज्याला दोन वेळा जमत नाही, त्याच्यासाठी दिवसातून एकदा घेण्याचे औषध, किंवा त्याच औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी असू शकते. अशी गोळी चावून किंवा कुटून मात्र घेऊ नये, कारण दिवसभराचे औषध त्यामुळे एकदम रक्तात उतरते. हा सारा बदल डॉक्टरांनी करावयाचा आहे. रुग्णाचे काम एवढेच की, ‘सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही,’ हे वाक्य त्यांच्यासमोर स्पष्टपणे उच्चारावे.

उपवासाचा प्रश्नही असाच आहे. सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. तप करावे, पण शक्तीनुसार. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती ठेवलेल्या आहेत. तीव्र आजारात समाधी ढळू नये म्हणून घेतलेल्या औषधाने व्रतभंग होत नाही, असा त्यांतील एका आगाराचा आशय आहे. बारा प्रकारच्या तपांत अनशन हा केवळ एक प्रकार होय. उणोदरी आणि रसपरित्याग हीही तपेच आहेत. दोन वेळच्या गोळीचा बियासनाशी मेळ सहज बसतो, एकाशनाशी बसविणे कठीण, आणि निर्जळी उपवासाशी बसतच नाही. अपस्माराचे औषध चालू असताना अठाईसारखे मोठे तप स्वतःच्या मनाने करू नये. व्रत घेण्यापूर्वी महाराजांना आजार सांगावा आणि डॉक्टरांना व्रत सांगावे. दोघांपैकी एकापासूनही लपविले, तर मार्ग निघत नाही.

कॅप्सूलविषयीही शंका असते. बहुतेक कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राणिज असते. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी औषध सोडू नये आणि कॅप्सूल फोडून आतील भुकटीही घेऊ नये. यांतील बहुतेक औषधे साध्या गोळीच्या रूपात मिळतात. फेनिटॉइनसारख्या औषधात कॅप्सूल आणि गोळी यांतील औषधाचे प्रमाण तंतोतंत सारखे नसू शकते, म्हणून हा बदलही डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

यात्रेचेही तेच. दहिगाव जवळ आहे, कुंथलगिरीही एका दिवसात होते. परंतु शिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची पायी वंदना मध्यरात्रीनंतर, अनेकदा उपाशीपोटी सुरू होते, आणि त्याआधी रेल्वेचा लांबचा प्रवास झालेला असतो. तेथे जाण्यापूर्वी झोपेची आणि गोळीची सोय आधी पाहावी. गोळ्या सामानाच्या पेटीत न ठेवता अंगाशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात. परतीच्या दिवसानंतरही आठवडाभर पुरतील एवढ्या सोबत असाव्यात.

लपविलेली गोळी

गोळी चुकण्याचे कारण केवळ विस्मरण नसते. अनेकदा ते कारण असते भीती. मुलीचे लग्न जमवताना आजार सांगितला जात नाही. सासरी गेल्यावर ती गोळ्या साडीच्या घडीत ठेवते आणि कोणी पाहत नसेल तेव्हा घेते. पाहुणे आले, गर्दी झाली की वेळ टळते. दोन दिवस चुकले की झटका येतो, आणि मग ‘फसवले’ हा आरोप. मुलांच्या बाबतीतही फार वेगळे घडत नाही. दुकानात गल्ल्यावर बसणारा तरुण दुपारची गोळी ग्राहकांसमोर काढत नाही. लपविलेली गोळी चुकतेच, आणि चुकलेली गोळी शेवटी सारे उघडे पाडते.

या भीतीला पूर्वी कायद्याचाही आधार होता. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो जैनांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाच्या अटींआड येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून वगळण्यात आला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही अपस्मार हा असाध्य रोग नाही आणि मनोविकारही नाही, म्हणून ते घटस्फोटाचे कारण ठरत नाही, असा निर्णय दिला. कायद्याने जे वगळले, ते समाजाने मनात जपून ठेवण्याचे कारण नाही. विवाहापूर्वी दोन्ही घरांनी एकत्र बसून डॉक्टरांशी बोलावे. आजार कोणता, गोळी कोणती, ती किती काळ घ्यावी लागेल, हे उघडपणे ठरले की गोळीला घरात हक्काची जागा मिळते.

पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा अपस्मारग्रस्तांचा स्वमदत गट उभा केला. स्वतः हा आजार अनुभवलेल्या व्यक्तीने तो उघडपणे बोलून दाखवावा आणि इतरांना बोलते करावे, यातच त्या कार्याचे मोल आहे.

मातृत्व आणि औषध

विवाहाचा विषय निघाला की मातृत्वाचाही निघतो. येथे एका औषधाबाबत विशेष सावधगिरी हवी. गर्भावस्थेत सोडियम व्हॅल्प्रोएट चालू राहिल्यास सुमारे दहा टक्के बालकांत जन्मजात व्यंग आढळते, तर तीस ते चाळीस टक्के बालकांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. म्हणून मुली आणि मूल होऊ शकण्याच्या वयातील स्त्रिया यांना हे औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम ही औषधे या दृष्टीने अधिक सुरक्षित मानली जातात.

परंतु हे ऐकून कोणीही घरी जाऊन व्हॅल्प्रोएटची गोळी एकदम बंद करू नये. अचानक औषध थांबल्याने एकामागून एक झटके येतात आणि त्यात माता व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे, औषध बदलण्यास अवधी मिळावा आणि फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून चालू असावी, हा योग्य क्रम होय. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही माहीत असावे. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी अपत्ये होतात आणि त्या बाळाला स्तनपानही करू शकतात.

डोळसपणे घ्यावयाचे औषध

प्रत्येक गुणकारी औषधाला त्याची दुसरी बाजू असते. फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या सुजतात. दात नीट घासल्याने हा त्रास कमी राहतो. या औषधाची आणखी एक खोड आहे. ठरावीक मर्यादेनंतर मात्रा थोडी वाढविली तरी रक्तातील पातळी एकदम चढते. म्हणून ‘एकाने गुण आला नाही, दीड घेऊन पाहू’ असा प्रयोग घरी कधीही करू नये. आवश्यक वाटल्यास डॉक्टर रक्तातील पातळी तपासतात. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात, हात कापतो. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, मन खिन्न होते. अशा वेळी घरच्यांनी ‘स्वभाव बदलला’ असे म्हणून सोडून न देता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

एक लक्षण मात्र तातडीचे आहे. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यानंतर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर लाल पुरळ उठले, सोबत ताप आला, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्वचित आढळणारी पण जीवघेणी ठरू शकणारी त्वचेची प्रतिक्रिया अशीच सुरू होते.

लहान मुलांना पातळ औषध देताना बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवावी. विशेषतः फेनिटॉइनच्या बाटलीत औषध तळाशी बसते. न हलविता दिले तर सुरुवातीचे दिवस औषध कमी पडते आणि शेवटच्या दिवसांत जास्त होते. घरातील चमचे लहान-मोठे असतात. म्हणून मापाचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. मूल वाढते तसे त्याचे वजन वाढते आणि औषधाची मात्राही बदलावी लागते. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तेच औषध आणत राहू नये.

दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना अपस्माराची चिठ्ठी सोबत असावी. क्षयरोगाची औषधे फेनिटॉइनची पातळी खाली-वर करतात. काही प्रतिजैविकांनी कार्बामाझेपिनची पातळी वाढते. शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्यावी. जनऔषधी केंद्रातील स्वस्त गोळी वाईट नसते, पण दर महिन्याला गोळी बदलत राहणे बरे नव्हे. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच नव्या आणाव्यात. ‘फिटवर हमखास’ म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा काही पुड्यांत फेनोबार्बिटोनच मिसळलेले आढळले आहे. मात्रा ठाऊक नसलेले औषध घेणे आणि मग ते एकदम बंद होणे, दोन्ही धोक्याचे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर व्हावा. मेंदूतील टेपवर्मच्या अळीमुळे होणारा अपस्मार मांसाहार करणाऱ्यांनाच होतो, असे समजले जाते. ते खरे नाही. त्या जंताची अंडी दूषित पाणी आणि न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पोटात जातात, आणि म्हणून तो शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. पाणी गाळून, उकळून पिण्याचा जुना संस्कार येथे आरोग्यरक्षकच ठरतो.

गोळी चुकली तर, झटका आला तर

गोळी घ्यायची राहिली, तर आठवल्याबरोबर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल, तर दोन एकदम घेऊ नयेत. कोणत्या औषधाला किती उशीर चालतो, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावे. उलटी, जुलाब किंवा मोठा ताप असेल, तर औषध पोटात टिकले की नाही हे पाहून डॉक्टरांना विचारावे.

झटका आला असता रुग्णाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, आसपासच्या टणक वस्तू बाजूला साराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. कांदा, चप्पल, किल्ल्या यांचा काही उपयोग नाही. तोंडात चमचा घालू नये, पाणीही घालू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत गोळीसुद्धा देऊ नये. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. ज्यांना असे लांबणारे झटके येतात, त्यांच्या घरी नाकात फवारण्याचे मिडाझोलम ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात.

झटके पूर्ण थांबेपर्यंत विहिरीच्या काठी, कालव्यात पोहायला किंवा कडबा कुट्टी यंत्रावर एकट्याने जाऊ नये, आणि वाहन चालवू नये. चुलीजवळ किंवा गॅसजवळ एकटीने बसण्याची वेळ येऊ नये, याची काळजी घरातील इतरांनी घ्यावी.

गोळी कधी थांबवावी ?

हा प्रश्न प्रत्येक घरी विचारला जातो. सामान्यतः किमान दोन वर्षे एकही झटका आला नाही, तर डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, आणि तेही काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत हजारहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. दोन वर्षे झटके नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी औषध चालू ठेवले, त्यांपैकी ७८ टक्के पुढील दोन वर्षे झटक्यांविना राहिले. ज्यांनी सावकाश बंद केले, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होते. म्हणजे काहींची गोळी खरोखर सुटते, काहींची सुटत नाही. कोणाची सुटेल, हे आजाराचा प्रकार आणि तपासण्या पाहून ठरते. वय, नोकरी, विवाह, वाहन यांचाही विचार करावा लागतो. हा निर्णय नवसाने किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेण्याचा नाही. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत नेमाने घेऊनही झटके थांबत नसतील, तर मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेची शक्यता तपासून घ्यावी.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तज्ज्ञांचा सल्ला आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. मात्र रुग्णालयातून आणलेली गोळी वेळेवर पोटात जाते की नाही, हे पाहणारे रुग्णालय घरातच असते. एक साधी वही, तीत गोळीची वेळ, झटका आला तर त्याची तारीख, आणि गोळ्यांची पाकिटे सर्वांना दिसतील अशा जागी, एवढी तयारी पुरेशी आहे.

श्रावकाच्या घरात नेमाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. देवदर्शनाचा नेम, स्वाध्यायाचा नेम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. रुग्णासाठी त्यात औषधाच्या नेमाची भर घालावी. घरातील दुसऱ्या माणसाने त्याची आठवण ठेवावी. रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हेही अंतरंग तपांपैकी एक तप सांगितले आहे. पुढील पर्वात ज्या घरात कोणी अनशन करील, त्याच घरात कोणी सूर्यास्तापूर्वी पाण्याचा पेला आणि गोळी आजारी माणसापुढे निःसंकोच ठेवील. त्याचेही तप तितकेच खरे. आणि ती गोळी सर्वांसमोर, मान वर करून घेतली जाईल, त्या दिवशी औषधदानासोबत अभयदानही पूर्ण होईल.

जय जिनेंद्र !